पैठणीचा मोर कुणाचा? फोटोशॉपमध्ये पॅटर्न शिकताना मला पडलेला प्रश्न

मागच्या दिवाळीच्या दीड महिना आधी मला व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. पैठणीचा पदर, जांभळा, त्यावर बांगडी मोर. खाली मेसेज: "दादा, याची प्रिंट फाइल पाहिजे. पदर आणि काठ वेगवेगळे. दोन दिवसांत होईल का?"

मी नाशिकमध्ये डीटीपी आणि फ्लेक्सची कामं करतो. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, वाढदिवसाचे बॅनर. गेल्या वर्षी ठरवलं की कापडावरच्या छपाईसाठी पॅटर्न बनवायला शिकायचं, कारण फ्लेक्समध्ये आता पैसा उरलेला नाही. त्यामुळे हे पहिलंच पैसे देणारं काम. मी घेतलं. दोन दिवसांत फाइल दिली, पैसे जीपेवर आले, मी खूश.

दिवाळीच्या आठवड्यात तोच मोर मला एका ऑनलाइन दुकानात दिसला. पॉलिस्टरची साडी, किंमत हजाराच्या आत आणि नाव 'येवला पैठणी डिजिटल प्रिंट'. येवला माझ्याच जिल्ह्यात आहे, इथून दोन तासांवर. मोराच्या पिसाऱ्यात एका ठिकाणी मी क्लोन स्टॅम्प घाईघाईत मारला होता, तो डाग झूम केल्यावर स्पष्ट दिसत होता. म्हणजे ओळख पटवायला दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती.

तेव्हापासून मी दोन गोष्टींचा अभ्यास करतोय: पॅटर्न नीट कसा बनवतात, आणि अशा वेळी कायदा नेमका काय म्हणतो. दोन्ही एकमेकांत इतके गुंतलेत की वेगळे सांगता येत नाहीत. त्यात गेल्या वर्षभरात बऱ्याच घडामोडी झाल्या आहेत, म्हणून हा लेख.

आधी सॉफ्टवेअरचं बोलू

साडीची आख्खी फाइल का बनवत नाहीत? हिशोब करून बघा. साडीचा पन्हा साधारण ४४ इंच, लांबी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच. कापडासाठी १५० डीपीआय चालतं असं धरलं, तरी रुंदी ६,६०० पिक्सेल आणि लांबी ३२,००० च्या वर. फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल ३०,००० पिक्सेलपर्यंतच जाते. त्यापुढे पीएसबी हा मोठा फॉरमॅट वापरावा लागतो. एका लेयरलाच सहाशे एमबीहून जास्त मेमरी. माझ्या आठ जीबीच्या कॉम्प्युटरने पहिल्याच दिवशी हात टेकले.

म्हणून टाइल. एकच चौकोन असा बनवायचा की तो फरशीसारखा शेजारी शेजारी लावला तर सांधा दिसू नये. युक्ती जुनी आहे आणि जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे. २४०० बाय २४०० चा कॅनव्हास घ्या. मधोमध तुमची नक्षी काढा, कडेला हात लावू नका. मग फिल्टर, अदर, ऑफसेट इथे जाऊन दोन्ही बाजूंनी १२०० द्या आणि 'रॅप अराउंड' निवडा. आता कडा मध्यभागी येतात आणि मधला भाग चार कोपऱ्यांत जातो. मध्ये जी रिकामी क्रॉससारखी जागा दिसते ती भरा. पुन्हा ऑफसेट मारून तपासा. एवढंच. गिंपमध्येही ऑफसेट आहे. कृतामध्ये तर डब्ल्यू दाबलं की कॅनव्हास सगळीकडे पुन्हा पुन्हा दिसतो आणि तुम्ही थेट त्यावर काढू शकता. फोटोशॉपमध्ये ही सोय 'पॅटर्न प्रीव्ह्यू' नावाने २०२० च्या शेवटी आली.

सरळ रांगेत टाइल लावली की डोळ्याला रेघा दिसायला लागतात. त्यावर उपाय हाफ-ड्रॉप: शेजारची उभी रांग अर्ध्या टाइलने खाली सरकवायची. विटांचं बांधकाम आडवं असतं, हे उभं. फुलांच्या नक्षीला हाच चांगला दिसतो.

यात मी केलेली एक चूक तुम्ही करू नका. २४०० पिक्सेलची टाइल १५० डीपीआयला १६ इंच होते. ४४ इंचांच्या पन्ह्यात ती पावणेतीन वेळा बसते, म्हणजे काठाशी फूल अर्ध कापलं जातं. पण दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांचे काठ धरले तर मध्ये ३२ इंच उरतात आणि टाइल बरोब्बर दोनदा बसते. आधी कापड मोजायचं, मग कॅनव्हास उघडायचा. आमच्या फ्लेक्सवाल्यांची सवय उलटी असते.

आणि तो व्हॉट्सअॅपचा फोटो? साधा पाठवलेला फोटो लांब बाजूने साधारण १६०० पिक्सेलचा होऊन येतो. १५० डीपीआयला ते झाले साडेदहा इंच. पदर ४४ इंचांचा. मी तो चौपट ताणला, धार काढायला शार्पन मारलं आणि उरलेलं क्लोन स्टॅम्पने झाकलं. चोरी राहू द्या बाजूला, कारागिरी म्हणूनही ते काम वाईट होतं.

रंगाबद्दल थोडक्यात. फ्लेक्सची सवय असलेले आपण लगेच सीएमवायके करतो. कापडासाठी फाइल आरजीबीमध्ये ठेवा आणि छपाईवाल्याकडून त्याच्या मशीनची, शाईची, कापडाची रंग-प्रोफाइल मागून घ्या. पॉलिस्टरवर सब्लिमेशन होतं: आधी कागदावर छापतात, मग सुमारे २०० अंश तापमानाला दाबून रंग कापडात उतरवतात. कागदावर फिका दिसणारा रंग कापडावर उजळतो. कॉटनला रिअॅक्टिव्ह शाई लागते, रेशमाला अॅसिड शाई. अर्धा मीटर नमुना छापून घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. जर मात्र छापता येत नाही. छापील साडीतला 'सोनेरी' हा पिवळा आणि तपकिरी रंगांचा खेळ असतो, प्रकाशात हलवली की लगेच कळतं.

येवल्यातला आलेख कागद

तो डाग पाहिल्यावर मला काही चैन पडेना. एका रविवारी बसने येवल्याला गेलो. एका विणकर काकांच्या मागाशेजारी तास-दीड तास बसलो. मी काय काम केलं होतं हे त्यांना सांगायचं धाडस झालं नाही, हे इथे कबूल करतो. फक्त "कॉम्प्युटरवर डिझाइन शिकतोय" एवढंच म्हणालो. त्यांनी एक कागद पुढे केला. आलेखाचा कागद, चौकोन रंगवलेले, पेन्सिलने आकडे. "हे बघा, तुमचं पिक्सेल का काय म्हणता ते."

खरंच तेच आहे. पैठणीच्या पदरात मोराच्या प्रत्येक रंगासाठी आडव्या धाग्याची वेगळी कांडी चालते. एक रंग संपून दुसरा सुरू होतो तिथे दोन्ही धागे एकमेकांत अडकवतात आणि मागे फिरवतात. त्यामुळे मागच्या बाजूला धागे लोंबत नाहीत. हातमागाचा अस्सल पदर उलटा करून पाहिला तरी मोर तसाच दिसतो. जॅकार्डवर काढलेल्या नक्षीत मागे मोकळे धागे दिसतात, आणि छापील साडी उलटली की फिकट रंग किंवा पांढरं कापड. खरेदी करताना फसायचं नसेल तर पदर उलटा करा, यापेक्षा सोपी परीक्षा नाही.

या पद्धतीमुळेच पैठणीच्या मोराची मान गोलसर नसते, पायऱ्यापायऱ्यांची असते. आसावलीच्या वेलीलाही पायऱ्या असतात. ती कमतरता नव्हे, विणीचं व्याकरण आहे. एआयला 'पैठणी मोर' म्हणून चित्र काढायला सांगा, तो मोर गुळगुळीत देतो. इलस्ट्रेटरमध्ये आता मजकूर लिहून थेट पॅटर्न मिळतो, मिडजर्नीत टाइलचा पर्याय आहे, दहा सेकंदांत सांधा नसलेली नक्षी हातात येते. छपाईला चालेलही. पण त्या मोराची पिसं मोजायला गेलात की डावीकडे सात, उजवीकडे नऊ. विणकर असं करूच शकत नाही, कारण त्याला प्रत्येक चौकोन स्वतःच्या हाताने भरायचा असतो.

इथे आपल्यासारख्यांना काम आहे, असं मला वाटतं. विणकरासाठी आलेख बनवायचा असेल तर ब्रश नको, पेन्सिल टूल घ्या, अँटी-अलायझिंग बंद करा, इंडेक्स्ड कलरमध्ये पाच-सहाच रंग ठेवा. लहानमोठं करताना 'निअरेस्ट नेबर' निवडा, नाहीतर कडांवर नको ते मधले रंग तयार होतात. आणखी एक. कापडात उभे आणि आडवे धागे इंचाला सारखे नसतात, त्यामुळे स्क्रीनवरचा चौकोन मागावर आयत होतो आणि मोर बसका दिसतो. फोटोशॉपमध्ये व्ह्यू मेनूत पिक्सेल अॅस्पेक्ट रेशो आहे, त्यात धाग्यांचं प्रमाण टाकलं की स्क्रीनवरच खरा आकार दिसतो. हे काकांना दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळून बसले.

कायदा काय म्हणतो

मी वकील नाही, हे आधी सांगतो. पण वाचलं ते असं.

पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. आपल्याला वाटतं की आता कुणी पैठणीची नक्कल करू शकत नाही. तसं नाही. जीआय नावाला संरक्षण देतो, मोराला नाही. ठरलेल्या भागात ठरलेल्या पद्धतीने न बनलेला माल 'पैठणी' म्हणून विकून गिऱ्हाइकाची दिशाभूल करणं हे उल्लंघन. तोच मोर छापून 'मोर प्रिंट साडी' म्हणून विका, जीआय कायद्याला काही म्हणायचं नाही. हातमागासाठी काही प्रकारचं कापड राखून ठेवणारा १९८५ चा कायदाही यंत्रमागावर विणण्याबद्दल आहे, छापण्याबद्दल नाही.

बरं, नावाचा गैरवापर झाला तर तक्रार कोण करणार? हा प्रश्न गेल्या वर्षी प्राडाच्या निमित्ताने सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, आपण सगळे चिडलो, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जुलैमध्ये ती फेटाळली गेली, कारण जीआयचे नोंदणीकृत मालक न्यायालयात आलेच नव्हते. कोल्हापुरीच्या बाबतीत ते मालक म्हणजे महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर. पुढे डिसेंबरमध्ये प्राडाने या दोघांशीच करार केला: महाराष्ट्र आणि कर्नाटकात २,००० जोड बनवायचे, किंमत सुमारे ८०० युरो. आपला सोशल मीडियावरचा राग कंपनीला टेबलापर्यंत घेऊन आला हे खरं, पण सही करायला नोंदणीत नाव असलेलाच माणूस लागला. येवल्याच्या बाबतीत समोर एक मोठी कंपनी नाही, शेकडो छोट्या ऑनलाइन याद्या आहेत. कुणाकुणाच्या मागे धावणार?

मग डिझाइनचा हक्क? इथे बहुतेक नवशिके डिझायनर गाफील असतात. मीही होतो. मला वाटायचं, मी काढलं म्हणजे कॉपीराइट माझा, संपलं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १५ वाचा. ज्या डिझाइनची नोंदणी होऊ शकली असती पण केली नाही, ते मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वेळा वस्तूवर उतरवलं की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. पन्नास! साडीच्या धंद्यात पन्नास म्हणजे सकाळचा माल. दिल्ली उच्च न्यायालयाने सोफ्याच्या कापडावरच्या नक्षीबद्दल मायक्रोफायबर्स खटल्यात २००९ मध्ये हेच म्हटलं: मूळ चित्राचा हक्क वेगळा, पण कापडावर छापायला लागलात की डिझाइन कायद्याच्या घरात या.

एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या प्रकरणात हा गुंता आणखी सोडवला. खटला होता द्रवरूप गॅस वाहणाऱ्या ट्रेलरच्या नकाशांचा. साडीशी दूरदूरचा संबंध नाही, पण निकाल आपल्यालाही लागू आहे. आधी बघायचं की ती निखळ कलाकृती आहे की तिच्यातून वस्तूवर लावण्यासाठी काढलेलं डिझाइन. आणि कॉपीराइट बसत नसेल तर मग त्यात दिसण्याचा भाग किती आणि उपयोगाचा किती, ते तपासायचं.

म्हणजे छपाईसाठी पॅटर्न बनवत असाल तर डिझाइन कायदा २००० खाली नोंदणी हाच रस्ता. व्यक्तीला अर्जाची फी १,००० रुपये. मुदत दहा वर्षं, पुढे पाच वाढवता येतात. अट महत्त्वाची: डिझाइन नवं हवं आणि अर्जाआधी कुठेही जाहीर झालेलं नको. इन्स्टाग्रामवर टाकलं, लाइक मिळवले आणि मग अर्ज केला, तर नवेपणा तुम्हीच घालवलात. दुसरी मेख म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यासाठी बनवलेल्या डिझाइनचा मालक, या कायद्यात, पैसे देणारा असतो. हक्क स्वतःकडे ठेवायचा असेल तर ते आधी लिहून घ्या, व्हॉट्सअॅपवर का होईना.

आता मला झोप न येऊ देणारा भाग. परंपरेतला मोर शेकडो वर्षांचा आहे. तो 'नवा' नाही, म्हणून कुणीच नोंदवू शकत नाही, कुणाच्याच मालकीचा नाही. पण मला आलेल्या फोटोतली मांडणी, मोरांभोवतीची ती वेल, ते रंग, हे कुणीतरी आत्ता, आपल्या काळात, आलेखावर बसवलेलं होतं. असा विणकर एका डिझाइनच्या किती साड्या विणतो? एका पैठणीला महिना जातो, मोठ्या पदराला कित्येक महिने. पन्नासचा आकडा त्याच्या आयुष्यात गाठला जाईल की नाही शंकाच आहे. फॅशन डिझायनर तरुण ताहिलियानी यांच्या कंपनीच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये मोजक्याच बनवलेल्या कपड्यांच्या चित्रांवरचा कॉपीराइट शाबूत धरला होता. तोच तर्क लावला, तर त्या अनोळखी विणकराच्या आलेखावरचा हक्क आजही जिवंत असू शकतो. आणि तो मोडणाऱ्यांच्या यादीत व्यापाऱ्याबरोबर माझंही नाव येतं. हे माझं वाचन आहे, चूक असू शकेल. पण विणकरांच्या आलेखांची तारखेसह साधी स्कॅन प्रत कुठे ठेवली जात असेल, तर ती उद्या पुरावा म्हणून उभी राहील. त्यासाठी फोनचा कॅमेरा आणि एक ईमेल पुरे.

मग छापील साडी वाईट का?

मला तसं वाटत नाही. माझ्या मावशीने आयुष्यात पैठणी घेतली नाही, तिच्या कपाटात दोन छापील मोराच्या साड्या आहेत आणि त्या ती हौसेने नेसते. तिला सातशे रुपयांत मोर मिळाला, यात कुणाचं काय बिघडलं? आणि सुरत म्हणजे शत्रू असंही नाही. येवल्याच्या मागावर चढणारी जर बरीचशी सुरतेतूनच येते. अडचण 'येवला' आणि 'पैठणी' या दोन शब्दांची आहे. दुकानदाराने ते काढले, तर मोर तसाच राहतो आणि फसवणूक थांबते. ऑनलाइन बाजारांनी शोधाच्या चौकटीत जीआय नावांना चाळणी लावली तर निम्मं काम होईल. ट्रेडमार्कवाल्या कंपन्यांसाठी ते असं करतातच की.

आणि आपण डिझायनरांनी स्वतःचं काढायला हवं. महाग सॉफ्टवेअर हे कारण आता उरलेलं नाही. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस कॅनव्हाने अॅफिनिटी फुकट केलं: फोटो, व्हेक्टर आणि पानांची मांडणी एकाच अॅपमध्ये, फक्त कॅनव्हाचं खातं लागतं. गिंपची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, त्यात फिल्टर मारल्यावरही मागे जाऊन बदलता येतात. कृता तर आधीपासून फुकट. क्रॅक केलेला फोटोशॉप चालवून दुसऱ्याच्या कॉपीराइटवर लेख लिहिणं मला जमलं नसतं, म्हणून डिसेंबरपासून मी टाइलची कामं कृतामध्ये करतोय.

सध्या माझ्या स्क्रीनवर द्राक्षवेल आहे. नाशिकची म्हणून नव्हे, खरं तर घरामागच्या बागेत रोज दिसते म्हणून. पानं पाच टोकांची, घड हाफ-ड्रॉपमध्ये, काठाला पायऱ्यांची किनार. ही पायऱ्यांची कल्पना येवल्यातून उचललेली आहे, आणि कुणी विचारलं तर तसं सांगेन. सिंहस्थ जवळ आलाय, पिशव्या, उपरणी, शाली यांची छपाई वाढणार आहे, त्यात ही वेल खपेल असा अंदाज. चार टाइल तयार आहेत, तीन नोंदणीसाठी काढल्यात, म्हणून त्या इथे दाखवत नाही.

संक्रांतीच्या सुमारास त्या व्यापाऱ्याचा पुन्हा मेसेज आला. या वेळी हिरवा पदर, मुनिया. मी लिहिलं: फोटोवरून करणार नाही, नवीन काढून देतो, आणि साडीच्या नावात पैठणी, येवला हे शब्द नकोत. त्याचं उत्तर आलं: "दादा, नाव काढलं तर सर्चमध्ये येत नाही." मी दर पाठवला. दोन निळ्या टिका दिसतायत, पुढे काही नाही.